थंड खोलीतली पंधरा मिनिटं

माझ्यावर ज्या माणसाचे सर्वांत जास्त उपकार आहेत, त्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणायचा. मीही तेच म्हणतो. त्यांचं पूर्ण नाव मला माहीत आहे, पण ते छापलेलं त्यांना आवडणार नाही. शिवाय अण्णा म्हटल्याशिवाय ते माझ्या डोळ्यांपुढे उभेही राहत नाहीत. पांढरा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला एकच पेन, आणि हात इतके स्वच्छ की हा माणूस कारखान्यातला आहे असं वाटू नये.

मी निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते, आई विड्या वळायची. शाळा मराठी, बाजार कानडी, त्यामुळे दोन्ही भाषा तोंडात बसलेल्या. इंग्रजी मात्र बसता बसत नव्हती. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बेळगावात इंजिनिअरिंग पुरं केलं तेव्हा वडिलांनी माझं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरलं होतं, देवळातला प्रसाद धरावा तसं. नव्वदीच्या दशकाची ती मधली वर्षं. माझ्या वर्गातले हुशार मुलगे सॉफ्टवेअरकडे निघाले होते. मला बंगळुरात पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिकाऊ इंजिनिअरची जागा मिळाली आणि मी ती देवाचं नाव घेऊन स्वीकारली. एक वर्ष उमेदवारी, नंतर काम पसंत पडलं तर कायम. वडिलांना एवढंच कळलं होतं की एक वर्ष नीट वागायचं.

आमच्याकडे मशिनसाठी लागणारे स्पिंडल बनत. स्पिंडल म्हणजे पोलादाचा गुळगुळीत दांडा, ज्याच्यावर सगळं मशिन फिरतं. त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. डोक्याचा एक केस उभा चिरून त्याचे साठ-सत्तर पापुद्रे केले, तर त्यातला एक पापुद्रा म्हणजे साधारण एक मायक्रॉन. हे मोजमाप ज्या खोलीत चाले तिला कागदोपत्री वेगळं नाव होतं, पण कामगार तिला 'थंड खोली' म्हणत. तिथे बारा महिने वीस अंश तापमान ठेवलेलं असे. भिंतीवर एक यंत्र होतं. त्यात एक पितळी ढोल सावकाश फिरे, ढोलावर कागद गुंडाळलेला असे आणि शाईची सुई त्यावर आठवडाभर तापमानाची रेघ ओढत राही. दर सोमवारी कागद बदलायचा आणि जुना फायलीत लावायचा. या खोलीचे प्रमुख अण्णा, आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं.

पहिल्या दिवशी मी माझं नाव आणि गाव सांगितलं, तसे ते एकदम मराठीत बोलू लागले.

"निपाणी? मग आपलंच माणूस की! ऊट झालं का?"

जेवणाला ऊट म्हणणारी मराठी मी तोवर ऐकली नव्हती. माझ्या चेहऱ्यावर हसू आलं असावं, कारण ते म्हणाले, "हस, हस. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे पण हसतात. काय करायचं तम्मा, आमचे पूर्वज इथं तीनशे वर्षांमागं घोड्यावरनं आले. मी दोनशे बावन्न नंबरच्या बसनं येतो. वाटेत थोडी कानडी चिकटतेच की."

तेव्हापासून मी त्यांचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. वयानं मी त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होतो.

त्या खोलीचा एक नियम होता आणि तो अण्णांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. ग्रायंडिंग मशिनवरून निघालेला जॉब, म्हणजे घासून आलेला नग, हाताला कोमट लागतो. पोलाद गरम असताना फुगलेलं असतं, म्हणून तो तसाच मोजला तर जाड भरतो. त्यामुळे जॉब आत आला की पुसायचा, ग्रॅनाइटच्या काळ्या टेबलावर ठेवायचा आणि सोडून द्यायचा. रात्रभर. त्याच्या कार्डावर आत आल्याची तारीख आणि वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जॉब, टेबल, मोजायचं उपकरण आणि खोली, सगळं एका तापमानाला आलेलं असतं. मग हात लावायचा.

"तोपर्यंत आपण काय करायचं?" मी विचारलं होतं.

"काही नाही. तेच अवघड असतंय."

याच्या जोडीला अण्णांची स्वतःची एक रीत होती. ती कुठल्या नियमपुस्तकात नव्हती. साडेचारला सुटीचा भोंगा व्हायचा. सव्वाचारला ते मोजमापाचे सगळे ठोकळे मऊ चामड्यानं पुसून, तेलाचा पातळ हात लावून, लाकडी पेटीत आपापल्या खाचेत ठेवत. मग लोखंडी स्टुलावर बसत. हात मांडीवर, रिकामे. डोळे उघडेच असत, पण कशाकडे बघत नसत. देवाचं नाव नाही, जप नाही, वही नाही. भोंगा झाल्यावरच उठत.

बाहेरून काचेतून हे दिसायचं. कॅन्टीनमध्ये त्याची थट्टा चाले.

"अण्णांना पण टेबलावर ठेवलंय रे. उद्या सकाळी मोजणार."

"कार्ड लावलंय का?"

"बस जाईल अण्णा, बस!"

अण्णा हसून म्हणत, "मॅजेस्टिक स्टँडची बस काय, दहा मिनिटाला एक."

मी एकदा विचारलंच, की तुम्ही त्या पंधरा मिनिटांत नेमकं काय करता. त्यांनी हातातला ठोकळा खाचेत ठेवला. मग म्हणाले, "सकाळपासून आपण किती गोष्टी ठरवतो बघ. हा जॉब बरा, तो वाईट. हा माणूस कामाचा, तो आळशी. मी बसून एकच बघतो. जे ठरवलं, ते कधी ठरवलं? म्हणजे त्या वेळी माझं काय चाललं होतं?"

"बस, एवढंच?"

"एवढंच. स्वल्प वेळ लागतो."

मला खरं सांगायचं तर हे फारच किरकोळ वाटलं. मोठ्या माणसांकडून मोठं काहीतरी ऐकायची मला सवय होती. शाळेत आमचे हेडमास्तर भाषणात हिमालयाशिवाय बोलत नसत. तरीही अण्णांवरच्या आदरापोटी मी एक दिवस त्यांच्या शेजारी बसलो. पाच मिनिटांत मला डबा धुवायचा राहिलाय हे आठवलं, सातव्या मिनिटाला खोलीचं भाडं आठवलं आणि दहाव्या मिनिटाला मी पेंगलो. पुन्हा बसलो नाही.

पण त्या बसण्याचा परिणाम मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसत असे, आणि तो नाकारता येत नव्हता. अण्णा आठ वाजता आत येण्याआधी कधीकधी मशिनशॉपमध्ये चक्कर मारत आणि एखाद्या मशिनपाशी थांबत. एकदा मी बरोबर होतो. लेथवरच्या एका तरुण कामगाराला त्यांनी आदल्या दिवशी चार शब्द सुनावले होते. त्याच्यापुढे उभे राहून म्हणाले, "काल तुझा जॉब वाईटच होता. पण मी जे बोललो ते जॉबबद्दल नव्हतं. सकाळी माझं घरी भांडण झालं होतं, ते तुझ्यावर निघालं. तेवढं परत घेतो." तो मुलगा इतका गोंधळला की हातातला पाना त्याच्या पायावर पडता पडता राहिला. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस वीस वर्षांच्या पोरापुढे असं बोलतो, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे वडीलधारी माणसं चुकली तर जेवायला वाढताना भाजी जरा जास्त वाढायची. तेवढ्यावर समजून घ्यायचं.

आता माझी गोष्ट सांगतो.

उमेदवारीचे अकरा महिने झाले होते. मार्च महिना, युगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आधीचे दिवस. त्या गुरुवारी अण्णांच्या घरी श्राद्ध होतं, म्हणून ते रजेवर होते. थंड खोलीत पहिल्यांदाच मी एकटा. सकाळी साडेनऊला ग्रायंडिंगवरून बारा स्पिंडल आले. ट्रॉली ढकलत स्वतः ऑपरेटरच आला होता. देवनहळ्ळीहून रोज पहाटेची बस धरून येणारा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. त्याच्या मशिनवर त्याचाच हात चालायचा. दुसऱ्या कुणाला ते मशिन तो सहसा देत नसे.

त्याच्या मागोमाग प्रॉडक्शनचे साहेब आले. "हे आज दुपारपर्यंत पास होतील का? गिऱ्हाईक उद्या गाडी पाठवतंय."

मी 'उद्या सकाळी' म्हणायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ऑपरेटर दारातून म्हणाला, "आज कसं होणार सार? अण्णा उद्या येतील, ते बघतील. ह्या सारना घाईचं काम नका देऊ. नवीन आहेत, इंग्लिशमध्ये मोजतात."

मागे दोन-तीन कामगार होते. ते हसले. साहेबही हसले. माझं इंग्रजी कसं आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"होतील," मी म्हणालो. "दुपारी रिपोर्ट देतो."

अर्ध्या तासानं मी पहिला स्पिंडल उचलला. हाताला तो कोमट लागला होता, हे मला आजही तळहातात आठवतं. मोजला तर आठ-नऊ मायक्रॉन जाड. बाराच्या बारा जाड. त्या क्षणी मला आनंद झाला. इतका हुशार हात म्हणवणारा माणूस, आणि बाराही जॉब चुकलेले! मी रिपोर्ट लिहिला: 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा. पुन्हा ग्रायंडिंग करावे.' मग कार्डं भरायला घेतली आणि आत आल्याच्या वेळेच्या रकान्यापाशी थांबलो. सकाळची वेळ लिहिली असती, तर कार्ड कुणी मान्य केलं नसतं. मी लिहिलं, 'बुधवार, दुपारी ४.' बारा कार्डांवर बारा वेळा.

ऑपरेटर म्हणाला, "सार, गरम आहेत हो अजून. थंड होऊ द्या." मी म्हणालो, "रिपोर्ट झालाय. लेखी आहे." त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ट्रॉली परत नेली. लेखी हुकूम होता, म्हणून त्यानं बाराही स्पिंडल माझ्या आकड्यांप्रमाणे घासले.

शुक्रवारी सकाळी अण्णांनी ते मोजले. घासून गुरुवारी संध्याकाळी परत आलेले, रात्रभर टेबलावर पडून खोलीच्या तापमानाला आलेले. अकरा स्पिंडल बारीक निघाले. जाड असलेलं घासून बारीक करता येतं, पण बारीक झालेलं जाड करता येत नाही. अकरा स्पिंडल भंगारात गेले आणि गिऱ्हाइकाची गाडी रिकामी परत गेली.

दुपारपर्यंत ऑपरेटरला मेमो मिळाला. शनिवारी दहा वाजता चौकशीसाठी मोठ्या साहेबांच्या खोलीत हजर व्हायचं. त्याचं म्हणणं होतं की जॉब गुरुवारी सकाळी आत गेले आणि गरमच मोजले. कार्डं सांगत होती की ते बुधवारी दुपारपासून आत होते, म्हणजे माझे आकडे बरोबर आणि चूक त्याच्या घासण्यात. ट्रॉली बघितलेले प्रॉडक्शनचे साहेब स्वतःची घाई बाहेर येईल म्हणून कानावर हात ठेवून होते. इंजिनिअरच्या अक्षरातली बारा कार्डं एका बाजूला आणि जेमतेम लिहिता येणारा माणूस दुसऱ्या बाजूला. त्याला मशिनवरून काढून अंगणातल्या कामावर टाकणार, ग्रेड उतरवणार, असं सगळे बोलत होते. दोन वर्षांसाठी.

अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला.

"कार्डं तू भरलीस?"

"हो."

"सरी. बरं," ते म्हणाले, आणि ठोकळे पुसायला लागले.

सव्वाचारला मी पिशवी उचलली. अण्णा स्टुलावर बसता बसता म्हणाले, "आज बस की माझ्याबरोबर." आवाजात राग नव्हता, आग्रहही नव्हता. मी पिशवी खाली ठेवून बसलो.

आधी मी माझी बाजू मांडत होतो. कुणापुढे ते माहीत नाही, पण वकिलासारखी मांडत होतो. साहेबांनी घाई केली. मी नवीन. आतापर्यंत कुणीच मला एकटं सोडलं नव्हतं. उमेदवारीचा एक महिना राहिलाय. वडिलांनी गावात पेढे कुठल्या दुकानातून आणायचे तेसुद्धा ठरवून ठेवलंय. भोंगा झाला. अण्णा उठले नाहीत. पाळी बदलली, बाहेरच्या मशिनचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. खोलीत फक्त त्या सुईची कागदावरची बारीक खरखर होती.

मग वकील दमला. आणि मला अण्णांचा तो किरकोळ प्रश्न आठवला. जे ठरवलं, ते कधी ठरवलं?

मला वाटत होतं, मोजताना ठरवलं. पण मोजताना मी काहीच ठरवलं नव्हतं. तिथे फक्त आकडे वाचले होते. ठरवलं होतं त्याआधी अर्धा तास, दारात, ते सगळे हसले तेव्हा. तो माणूस चुकलेला निघावा असं मला तेव्हाच हवं होतं. पुढे जे जे केलं, तो कोमट जॉब, तो आनंद, ते बारा वेळा लिहिलेलं 'बुधवार', सगळं त्या हसण्यातून आलं होतं. आणि त्यानं तरी काय म्हटलं होतं? अण्णा येतील, थांबा. थंड खोलीचा नियमच त्यानं सांगितला होता. फक्त थट्टेत सांगितला होता.

हे दिसलं तेव्हा मला रडू वगैरे आलं नाही. उलट डोकं एकदम शांत झालं. आता काय करायचं हे स्पष्ट होतं. मी अण्णांकडे पाहिलं. साडेपाच वाजले होते.

"चल," ते म्हणाले. "दोनशे बावन्न मिळेल अजून."

शनिवारी सकाळी मी पावणेदहाला मोठ्या साहेबांच्या खोलीपाशी पोचलो. अण्णा दाराबाहेर उभे होते. हातात कागदाची गुंडाळी होती, एखादं ड्रॉइंग असावं. मला पाहून ते बाजूला सरकले आणि ती गुंडाळी त्यांनी पिशवीत ठेवली. मी आत गेलो. मोडक्या इंग्रजीत सुरुवात केली, मग कानडीत आलो. जॉब गुरुवारी सकाळी साडेनऊला आत आले, कार्डावरची वेळ मी खोटी लिहिली, रिपोर्ट खोटा आहे, हे लिहूनच नेलं होतं, तो कागद टेबलावर ठेवला. मोठ्या साहेबांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहीत नाही, पण त्यातलं काही चुकीचं नव्हतं.

ऑपरेटरचा मेमो रद्द झाला. माझी उमेदवारी सहा महिन्यांनी वाढली. काढून का टाकलं नाही, हे तेव्हा मला कळलं नाही.

मी बाहेर आलो, तसे अण्णा आत गेले. बाहेर ऑपरेटर बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, दारातल्या हसण्यासकट. त्यानं ऐकून घेतलं.

"माझी चेष्टा लागली तुम्हाला?"

"हो."

"एवढीशी?"

"हो."

तो डोकं खाजवत म्हणाला, "अकरा स्पिंडलची चेष्टा केली म्हणायची मी. चला, चहा तुमच्याकडून. आणि तो मात्र गरम पाहिजे, सार."

पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक भलं मोठं पपनस होतं. देवनहळ्ळीची पपनसं प्रसिद्ध. त्याला दोऱ्यानं एक कार्ड बांधलं होतं, आमच्याच खोलीचं. आत आल्याची वेळ: सकाळी ८. खाली सही.

वडिलांना मी सगळं खरं कळवलं. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं त्यांचं उत्तर आलं. सहा महिने म्हणजे काय, तंबाखूचा एक हंगाम, निघून जातो. पेढ्याचं दुकान कुठे पळून जात नाही.

सहा महिन्यांनी मी कायम झालो. त्या शुक्रवारपासून मी रोज सव्वाचारला बसतो. त्यानं मी फार शहाणा झालो असं म्हणवत नाही. राग तसाच येतो, इंग्रजीवर हसलेलं आजही टोचतं. फक्त आता ते कधी टोचलं हे त्याच दिवशी कळतं, आणि पुढचं कार्ड भरायच्या आत कळतं. माझ्यासारख्या माणसाला शाळा-कॉलेजनं वाचायला शिकवलं, आकडेमोड शिकवली. स्वतःकडे बघायला मात्र एका माणसानं शिकवलं, आणि तेही एक अक्षर न बोलता, शेजारी बसून.

तीन वर्षांनी अण्णा निवृत्त झाले आणि थंड खोली माझ्याकडे आली. मधूनमधून मी त्यांच्या घरी जातो. बसवनगुडीत, दोन बस बदलून. दर वेळी वाटतं, आज हे सगळं बोलावं. पण आभाराच्या दिशेनं गाडी वळली, की अण्णा आत बघून ओरडतात, "अगं, ह्याचं ऊट व्हायचंय!" आणि विषय संपतो.

गेल्या महिन्यात जुन्या फायली लावताना मला एक गोष्ट सापडली. त्यानंतर मात्र राहवलं नाही. म्हणून त्याच शहरातल्या घरी मी पोस्टानं पत्र पाठवलं. त्याची प्रत ठेवली होती, ती इथे देतो.

तीर्थस्वरूप अण्णांना नमस्कार.

पत्र बघून वहिनी हसतील, बस आहे की म्हणतील. हसू द्या. समोर बसून तुम्ही मला बोलू देत नाही.

काल तापमानाचे जुने कागद तारखेप्रमाणे लावत होतो. दर आठवड्याला एक कागद असतो, पण त्या मार्चच्या आठवड्याचे दोन आहेत. पहिला शनिवारी सकाळी साडेआठलाच ढोलावरून काढलेला आहे आणि उरलेल्या दिवसांसाठी दुसरा लावलेला आहे. पहिल्या कागदावर बुधवारची रेघ दिवसभर सरळ आहे. गुरुवारी साडेनऊनंतर ती अर्ध्या अंशानं वर चढली आहे, बारा गरम स्पिंडल आत आल्यावर चढावी तेवढीच. तिथे पेन्सिलीचं एक टिंब आहे. पेन्सिल तुमची आहे, मी ओळखतो.

म्हणजे शुक्रवारी मला कार्डाबद्दल विचारलंत, तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. शनिवारी तुमच्या हातात होतं ते ड्रॉइंग नव्हतं. साडेआठला कागद काढून तुम्ही त्या दारापाशी उभे होतात. दहाला चौकशी होती. मी पावणेदहाला आलो. तुम्ही त्या माणसावर अन्याय होऊ दिला नसता, हे मला पक्कं माहीत आहे. दहाच्या ठोक्याला तुम्ही आत गेला असता. पण पावणेदहापर्यंत तुम्ही माझी वाट पाहिलीत.

अण्णा, इतकी वर्षं मी मनात एक अभिमान बाळगून होतो, की मी आपणहून सांगितलं, कुणी पकडलं नव्हतं. कागद सापडला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं, जणू माझं काहीतरी कुणी काढून घेतलं. मग सव्वाचारला बसलो. भोंग्यानंतरही बसलो. तुमचाच प्रश्न धरला, की हे वाईट वाटणं कुठून आलं. उशिरा कळलं, की माझं काही गेलेलं नाही. आपणहून सांगण्याची संधी तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवली होती. नाहीतर ती गुंडाळी शुक्रवारी दुपारीच मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवून तुम्ही मोकळे झाला असता, आणि मी निपाणीला परत गेलो असतो, साहेबांना आणि सगळ्या जगाला दोष देत. माझी नोकरी कशी टिकली तेही आता कळतं. मी बाहेर आल्यावर तुम्ही आत गेला होतात. कशाला, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

दोन्ही कागद होते तसे फायलीत ठेवले आहेत. माझ्या हाताखाली आता एक नवी मुलगी आहे, धारवाडची. हुशार आहे, घाईची आहे. ती चुकेल तेव्हा मला दारापाशी उभं राहता यावं, एवढंच मागणं आहे. मला अजून ते जमेल असं वाटत नाही. माझा हात लगेच गुंडाळी उलगडायला जाईल.

देवनहळ्ळीहून यंदाही पपनस आलं आहे. ते घेऊन रविवारी येतो. या वेळी मी घरून जेवूनच निघेन, म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

तुमचा,
तम्मा